तान्ह्याचे दुखणे आणि आईचा हात

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे अशी सूचना मंडळाकडून आली. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया, राजे आणि संत उभे राहतात. ते सारे थोर खरेच. परंतु ज्याच्या वाट्याला इतिहासाच्या पुस्तकात एक ओळसुद्धा आली नाही असा एक जीव आपणा प्रत्येकीच्या घरात वाढलेला आहे. तो जीव म्हणजे तान्हे बाळ. ते बोलत नाही, लिहीत नाही, तक्रार करीत नाही. त्याच्याजवळ एकच साधन, रडणे. या रडण्याचा अर्थ लावताना मोठमोठे विद्वानही किती काळ चुकत राहिले आणि ती चूक कोणी, कधी, कशी दुरुस्त केली, हा इतिहास आपल्या कामाचा आहे असे वाटल्यावरून चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आपल्या पुसदेकडे एक बोल सर्रास ऐकू येतो, "एवढ्याशा लेकराले काय समजते?" बारशाला कान टोचताना, अंगणवाडीत लस देताना, न्हाऊ घालताना कोणीतरी वडीलधारी हे म्हणतेच. त्यात दुष्टपणा मुळीच नसतो. आईचे मन घट्ट व्हावे म्हणून ती म्हणते. पण हाच बोल शास्त्रज्ञांच्या पुस्तकांतही शिरला होता आणि त्याची किंमत कोवळ्या जीवांनी मोजली, हे फार थोड्या जणींना ठाऊक असेल.

प्रथम आपल्याकडील जुन्या विद्येकडे पाहू. आयुर्वेदात बाळांच्या आजारांवर काश्यपसंहिता नावाचा ग्रंथ आहे. पुष्कळ शतके तो लोकांच्या नजरेआड होता. नेपाळात त्याची एक खंडित पोथी सापडली आणि पंडित हेमराज शर्मा यांच्या प्रयत्नाने १९३८ साली ती छापून प्रसिद्ध झाली. या ग्रंथात 'वेदनाध्याय' नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. ज्या बाळाला बोलता येत नाही त्याला कोठे दुखते हे वैद्याने कसे ओळखावे, एवढाच त्याचा विषय. डोके दुखणारे बाळ डोके इकडेतिकडे हलवते आणि डोळे मिटून घेते. कान दुखणारे बाळ हाताने कान चाचपते. पोटात कळ आलेले बाळ अंगावर पिणे सोडते आणि त्याचे पोट ताठ होते. अशी ती लक्षणे सांगितली आहेत. बाळाला दुखते की नाही असा प्रश्न त्या ग्रंथकाराला पडलेलाच नाही. दुखते हे त्याने धरूनच चालले आहे. कोठे दुखते एवढेच शोधायचे. बाळाजवळ बसून, त्याच्याकडे निरखून पाहणाऱ्या माणसाचे हे लिखाण आहे हे वाचताक्षणी कळते.

पाश्चात्य देशांत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निराळेच वारे वाहू लागले. आपल्या शरीरात ज्ञानतंतूंचे जाळे असते. बोटाला काटा टोचला की त्याची वर्दी या तंतूंवरून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत आणि तेथून मेंदूत जाते. मोठ्या माणसाच्या पुष्कळशा तंतूंवर चरबीसारखे एक पांढरे वेष्टण असते. विजेच्या तारेवर रबर असते ना, तसेच काहीसे. पॉल फ्लेक्सिग या जर्मन शास्त्रज्ञाने १८७० नंतरच्या काळात दाखवले की नवजात बाळाच्या मेंदूतील कित्येक तंतूंवर हे वेष्टण अजून चढलेले नसते. हे निरीक्षण बरोबर होते. पण त्यावरून पुढे अनुमान असे निघाले की वेष्टण नाही म्हणजे वर्दी पोहोचत नाही आणि वर्दी पोहोचत नाही म्हणजे दुःख नाही.

पुढे १९४१ साली न्यूयॉर्कच्या मर्टल मॅकग्रॉ या बाईंनी ७५ मुलांना जन्मापासून चार वर्षांच्या वयापर्यंत वेळोवेळी टाचणी हलकेच टोचून पाहिली. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत काही बाळांनी फारशी हालचाल केली नाही. त्यावरून नवजात बाळाचा मेंदू दुःख पुरते जाणत नाही, त्याची धडपड ही गुडघ्यावर टिचकी मारल्यावर पाय उडतो तशी आपोआप होणारी क्रिया आहे, असे मत दृढ झाले. थकलेले, नुकतेच जन्मलेले मूल कमी हलले म्हणजे त्याला दुखले नाही, हा न्याय कसा? स्वयंपाकघरात हात भाजल्यावर एखादी सून सासरच्या माणसांपुढे हूं की चूं करीत नाही. म्हणून काय तिचा हात भाजला नाही?

याचा परिणाम शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसू लागला. तान्ह्या आणि विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळाला भूल दिली तर ते दगावेल अशी डॉक्टरांना भीती होती, आणि त्या काळच्या साधनांनी ती अगदीच अनाठायी नव्हती. त्यात 'बाळाला दुखत नाही' या समजुतीचा आधार मिळाला. म्हणून अनेक ठिकाणी बाळाचे स्नायू लुळे पाडणारे औषध द्यावे, जोडीला फार तर थोडा सौम्य गुंगीचा वायू द्यावा आणि शस्त्रक्रिया करावी, अशी रीत पडली. ती विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकापर्यंत चालली. स्नायू लुळे पडल्यामुळे बाळ हलू शकत नसे, रडूही शकत नसे. ते शांत दिसे, आणि शांत दिसते म्हणजे बरे आहे असे मानले जाई.

ही समजूत मोडून काढण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते डॉक्टर आपल्या देशातले आहेत, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. त्यांचे नाव डॉ. कंवलजीत सिंग आनंद. होळकरांच्या इंदुरात, जेथे आजही कितीतरी मराठी घरे आहेत, तेथील महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडात ऑक्सफर्डला गेले. तेथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांची देखभाल त्यांच्याकडे होती. त्यांच्या ध्यानात आले की शस्त्रक्रियेला जाताना बरी असलेली बाळे परत येताना फिकी पडलेली, ढासळलेली अशी येतात. चौकशी करता कळले की त्यांना दुःख शमवणारे औषध दिलेच जात नाही.

डॉ. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग पद्धतशीर प्रयोग केला. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मानंतर आपोआप बंद व्हावयाची असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ती पुष्कळदा उघडीच राहते व शस्त्रक्रियेने बांधावी लागते. अशा १६ बाळांपैकी ८ जणांना नेहमीच्या औषधांबरोबर वेदनाशामक औषध दिले आणि ८ जणांना त्या वेळच्या रूढ पद्धतीनेच ठेवले. मोठ्या माणसाला भय किंवा वेदना झाली की रक्तात काही विशिष्ट द्रव्ये वाढतात, साखर वाढते, नाडी जलद होते. ज्या बाळांना वेदनाशामक दिले नव्हते त्यांच्या रक्तात ही द्रव्ये कितीतरी अधिक वाढलेली आढळली. शस्त्रक्रियेनंतरचे बिघाडही त्यांनाच अधिक झाले. बाळाला तोंडाने सांगता आले नाही, ते त्याच्या रक्ताने सांगितले. हा निबंध १९८७ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रात छापून आला. पुढे १९९२ साली डॉ. आनंद व डॉ. हिकी यांनी हृदयाच्या शस्त्रक्रिया झालेल्या ४५ नवजात बाळांची हकीगत प्रसिद्ध केली. ज्या ३० बाळांना भरपूर वेदनाशामक दिले होते त्यांपैकी एकही दगावले नाही. उरलेल्या १५ बाळांना तुलनेने हलकी भूल होती. त्यांपैकी ४ दगावली.

याच सुमारास अमेरिकेत एका आईने आवाज उठवला. जिल लॉसन यांचा मुलगा जेफ्री १९८५ साली फार लवकर जन्मला. त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवड्यांनी तो गेला. त्याला वेदनाशामक दिलेच नव्हते, केवळ हालचाल बंद पाडली होती, हे आईला मागाहून कळले. ती रडत बसली नाही. तिने पत्रे लिहिली, दारोदार हिंडली. १९८६ साली वर्तमानपत्रात ही हकीगत आली तेव्हा लोक हादरून गेले. १९८७ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने जाहीर केले की नवजात बाळालाही शस्त्रक्रियेच्या वेळी भूल व वेदनाशामक मिळाले पाहिजे. एक डॉक्टर आणि एक आई, दोघांनी दोन बाजूंनी ढकलले तेव्हा हे बंद दार उघडले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वेष्टण नसलेल्या तंतूंवरून वर्दी कशी जाते? याचे उत्तर मजेशीर आहे. मोठ्या माणसातसुद्धा दुःखाची वर्दी नेणारे बहुतेक तंतू वेष्टणाविना किंवा अगदी पातळ वेष्टणाचेच असतात. वेष्टण नसले तर वर्दी सावकाश जाते, थांबत नाही. शिवाय बाळाचे शरीर ते केवढेसे! वाट लहान, मग सावकाश चाललेलाही वेळेवर पोहोचतो. उलट मेंदूकडून खाली येणारी एक निराळी व्यवस्था असते. ती दुःखाला आवर घालते. सायकलला ब्रेक असतो तशी ही समजावी. ही व्यवस्था मात्र जन्मानंतर हळूहळू पक्की होते. म्हणजे दुःखाचे चाक जन्मतःच फिरते आहे आणि ब्रेक अजून बसावयाचा आहे. लंडनच्या मारिया फिट्झजेराल्ड या संशोधक बाईंनी १९८० नंतरच्या दशकात दाखवले की अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या टाचेतून रक्त काढण्यासाठी वारंवार टोचले तर त्या जागी पुढे हलका स्पर्शही त्याला अधिक झोंबतो आणि बधिर करणारे मलम लावले तर हा परिणाम टळतो.

२०१५ साली ऑक्सफर्डमध्येच रेबेका स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ते सहा दिवसांच्या १० बाळांचे मेंदू चुंबकीय यंत्रात पाहिले. बाळे झोपलेली असताना तळपायाला हलकेच टोचले. मोठ्या माणसाच्या मेंदूतील जे २० भाग दुःखाच्या वेळी जागे होतात त्यांपैकी १८ भाग या बाळांतही जागे झाले. मोठ्यांत जेवढ्यासाठी चौपट जोराने टोचावे लागे, तेवढे काम बाळांत एक पट जोराने झाले. "एवढ्याशा लेकराले काय समजते?" या प्रश्नाला मिळालेले हे उत्तर आहे. समजते, आणि आपल्यापेक्षा लवकर लागते.

भगिनींनो, आतापर्यंत दुःखाची कथा झाली. आता सुखाची ऐका. दुःख जाणणारा हाच जीव मायेचा स्पर्शही तितक्याच तत्परतेने जाणतो. त्वचेत काही तंतू असे आहेत की ते सावकाश, मऊ हात फिरवला असताच जागे होतात. घाईने चोळले की ते उत्तर देत नाहीत, नुसता हात ठेवला तरी फारसे देत नाहीत. २०१८ साली स्लेटर यांच्या मंडळींनी रक्त तपासणीच्या आधी काही बाळांना सेकंदाला सुमारे तीन सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटांच्या रुंदीइतक्या संथपणे, मऊ कुंचल्याने कुरवाळले. त्या बाळांच्या मेंदूत टोचण्याच्या वेळी उठणारी दुःखाची खूण कमी आढळली. आता आठवून पाहा, आपली आजी बाळाच्या पाठीवरून हात कसा फिरवीत असे. तिच्या हाताला घड्याळ लावले असते तर तो बहुधा याच चालीने निघाला असता.

दुसरे साधन म्हणजे उराशी घेणे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात बोगोटा शहरी १९७८ साली डॉ. एडगर रे यांच्यापुढे अडचण उभी राहिली. अपुऱ्या दिवसांची बाळे पुष्कळ आणि ती उबेत ठेवावयाच्या पेट्या थोड्या. त्यांनी बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारू आपल्या पिलाला पोटाच्या पिशवीत ठेवते म्हणून या पद्धतीला कांगारू पद्धत नाव पडले. पेट्यांच्या तुटवड्यातून निघालेली ही युक्ती पेटीइतकीच, किंबहुना पुष्कळदा तिच्याहून सरस ठरली. आपल्या देशातील दिल्लीच्या रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, जन्मताच उराशी घेतलेल्या कमी वजनाच्या बाळांत मृत्यू सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी झाले. पुढे २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने हीच शिफारस सर्व जगाला केली.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. महागड्या यंत्रांवर सारी भिस्त न ठेवता आईला बाळाच्या खोलीत घेणे आणि तिच्याच हातून बाळाची सेवा करून घेणे, हा मार्ग त्यांनी तेथे रुजवला. मुंबईच्याच के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुची नानावटी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली आपल्या विषयाच्या अगदी मर्मावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड किलोहून कमी वजनाच्या बाळांच्या अंगावर नळ्या व सुया चिकटपट्टीने बसवलेल्या असतात. ती पट्टी काढताना त्यांना दुखते. काही बाळांना त्या वेळी आईच्या उराशी ठेवले, काहींना आईचे काढलेले दूध थोडे पाजले. दोन्ही उपायांनी दुःख कमी झाले आणि दोहोंत कमीजास्त काही निघाले नाही. बाळाच्या कपाळाच्या आठ्या, मिटलेले डोळे, नाकाजवळची घडी, हृदयाचे ठोके आणि रक्तातील प्राणवायू यांवरून दुःखाला गुण देण्याचे कोष्टक असते, त्यावरून हे मोजले गेले. वेदनाध्यायात निरखून पाहण्याची जी रीत सांगितली, तीच ही रीत. मोजण्याचे माप तेवढे नवे.

अमेरिकेत २००० साली नवजात बाळांच्या टाचेतून रक्त घेताना काहींना आईच्या अंगाशी उघडे ठेवून पाहिले. त्यांचे रडणे इतरांपेक्षा ८२ टक्के कमी झाले. त्याच संशोधकांनी २००२ साली बाळाला अंगावर पाजत असताना रक्त घेतले तेव्हा रडणे ९१ टक्के कमी भरले. दूध, चोखणे, आईचा वास, तिची ऊब आणि तिचा हात, ही पाच औषधे एकाच कुशीत एकदम मिळतात, आणि कोणत्याही दुकानात ती विकत मिळत नाहीत.

खांद्यावर घेऊन फिरण्यालाही शास्त्राचा आधार मिळाला आहे. जपानातील संशोधकांनी २०१३ साली दाखवले की आई बाळाला घेऊन चालू लागली की त्याच्या हृदयाचे ठोके मंद होतात आणि रडणे थांबते. नुसते मांडीवर घेऊन बसल्याने तेवढे होत नाही. २०२२ साली त्यांनी आणखी सांगितले की रडणाऱ्या बाळाला सुमारे पाच मिनिटे घेऊन चालावे, झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटे घेऊन बसावे आणि मग खाली ठेवावे. लगेच ठेवले तर ते जागे होते. हे वाचून आपल्यापैकी कित्येकींना हसू येईल. रात्री अंगणात येरझारा घालणाऱ्या प्रत्येक आजोबांना हे ठाऊक होते.

कोणी म्हणेल, दुखले तरी काय, बाळ थोडेच लक्षात ठेवते? त्याचेही उत्तर मिळाले आहे. कॅनडात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८७ मुलगे होते. ज्यांची सुंता जन्मानंतर बधिर न करता झाली होती, ते चारसहा महिन्यांनी लस घेताना अधिक तीव्रतेने रडले. ज्यांना बधिर करणारे मलम लावले होते ते तितके रडले नाहीत. मनाला आठवण राहत नसेल, पण ज्ञानतंतूंना राहते. म्हणून कोणताही विधी असो, कान टोचणे असो की सुंता, तो जाणत्या हाताने, स्वच्छ साधनाने आणि वेदना कमी करूनच व्हावा, यात धर्माचा काही प्रश्न येत नाही.

आता थोडे कटू लिहिणे भाग आहे. आपल्या विदर्भातच, मेळघाटात, तान्ह्या बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने किंवा सळईने पोटावर चटके देण्याची प्रथा आहे. तिला तिकडे 'डंबा' म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला असे ६५ चटके दिल्याची बातमी आपण वर्तमानपत्रांत वाचली. डोंगरातल्या त्या आईबापांना नावे ठेवणे सोपे आहे. दवाखाना दूर, बाळ कळवळते आहे आणि गावातला जाणता म्हणतो, याने उतरेल. बाळावर माया आहे म्हणूनच ती माणसे हे करतात. चटक्यांनंतर बाळ रडून रडून थकते आणि गप्प पडते. घरच्यांना वाटते, गुण आला. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या लुळ्या बाळाला पाहून शिकलेल्या डॉक्टरांना जे वाटत होते, तेच हे. शांत दिसते म्हणून बरे आहे, ही चूक शहाण्यांनीही केली आणि अडाण्यांनीही केली.

ही चूक किती जिवावर बेतणारी आहे ते आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीने दाखवून दिले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील ३९ गावांत १९९५ पासून गावातल्याच बायांना शिकवून तान्ह्या बाळांची घरोघरी देखभाल सुरू केली. त्या बाया माझ्या-तुमच्यासारख्याच थोड्या शिकलेल्या. त्यांना आरोग्यदूत म्हणत. बाळाच्या रक्तात विष भिनू लागले, म्हणजे जंतूंचा फैलाव झाला, तर कसे ओळखावे, याच्या साध्या खुणा त्यांना शिकवल्या होत्या. आधी नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण होणे किंवा थांबणे, नीट पिणाऱ्याने पिणे सोडणे, अंग मलूल पडणे, अंग तापणे किंवा गार पडणे, ओकणे वा पोट फुगणे, या त्यांतल्या काही. पाहा, ज्या फुगलेल्या पोटावर डंबा देतात ते पोटच पुष्कळदा जंतूंच्या फैलावाची खूण असते. तेथे औषध हवे आणि ताबडतोब हवे. चटक्याने औषधाचा वेळ जातो आणि भाजलेल्या कातडीतून जंतूंना नवी वाट मिळते. गडचिरोलीच्या त्या गावांत तान्ह्यांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले आणि १९९९ साली 'लॅन्सेट' पत्रात ते जगापुढे आले. आज आशाताई आपल्या दारी येते ती याच कामाच्या धर्तीवर. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिची फेरी असते. तिला दारातून परत पाठवू नये. बाळ तिच्या मांडीवर द्यावे.

एवढा इतिहास वाचून आपण काय करावे? मी काही डॉक्टर नव्हे. जे वाचले आणि जे आपल्या घरात सहज करता येण्यासारखे आहे, तेवढेच मांडते.

लस चुकवू नये. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींनी बाळाला थोडे दुखते, पण ज्या रोगांपासून त्या वाचवतात त्यांचे दुखणे कितीतरी भयंकर असते. मात्र त्या वेळी बाळ आईच्याच मांडीवर असावे. पुष्कळदा आईचे मन हळवे म्हणून बाळ दुसरीच्या हाती देतात आणि आईला बाहेर उभे करतात. ही रीत आपण सोडावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ सालीच सांगितले आहे की बाळाला धरून ठेवावे आणि शक्य तर टोचण्याच्या वेळी किंवा त्याच्या किंचित आधी अंगावर पाजावे. नर्सबाईंना आधी नम्रपणे विचारावे, त्या नाही म्हणणार नाहीत. आडोसा नसेल तर आपल्या मंडळाने लसीच्या दिवशी एक साडी बांधून आडोसा करून द्यावा. याला पैसा लागत नाही.

तेल लावणे ही आपली जुनी चांगली चाल. पण हात संथ असावा. बाळ कळवळून रडू लागले तर तेथेच थांबावे. हातपाय ओढणे, छाती पिळणे, नाकाकानात तेल सोडणे आणि कोंडलेल्या खोलीत धुरी देणे यांनी बाळाचे भले होत नाही. गोड चवीने बाळाचे रडणे कमी होते हे खरे आहे, आणि मोठ्या रुग्णालयांत टोचण्यापूर्वी साखरपाण्याचे थेंब देतातही. परंतु घरी तसे करू नये, पहिले सहा महिने आईचे दूधच पुरे. मध तर वर्षाच्या आत मुळीच चाटवू नये. त्यात कधीकधी असे जंतू असतात की ज्यांनी तान्ह्याचे अंग लुळे पडते.

आणि बाळंतिणीला "सारखे घेऊ नको, सवय लागेल" असे म्हणणाऱ्या आपण ज्या सासवा, नणंदा, शेजारणी आहोत, त्यांनी आपला हा बोल एकदा तपासून पाहावा. पहिल्या महिन्यांत कुशीत घेतल्याने बाळ लाडावत नाही. त्याच्या ज्ञानतंतूंचा ब्रेक अजून बसतो आहे, तोवर आईचा हात हाच त्याचा ब्रेक. पण आईलाही दोनच हात असतात. रात्रभर जागलेल्या सुनेच्या हातून बाळ घ्यावे, पाच मिनिटे अंगणात फिरवावे, तिला निजू द्यावे. बापांनी आणि आजोबांनीही हे करावे. उघड्या छातीशी बाळ धरायला बापही चालतो.

आमच्या मंडळात हळदीकुंकू, भजन, शिवणवर्ग हे सारे उत्तम चालते. यंदापासून प्रत्येक नव्या बाळंतिणीच्या घरी दोघींनी जावे, धोक्याच्या खुणा तिला आणि तिच्या सासूबाईंना तोंडपाठ करून द्याव्या आणि लसीच्या दिवशी तिच्यासोबत जावे, असा ठराव करावा अशी माझी नम्र सूचना आहे. सभेत त्यावर अवश्य चर्चा व्हावी. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलण्याचे काम त्याच्या शेजाऱ्यांचे आहे.